पाकिटावर पत्ता नीट उमटत नाही? टोनर बदलण्याआधी हे तपासा

ऑगस्ट लागला की आमच्या डीटीपीच्या दुकानात गृहनिर्माण संस्थांचे सेक्रेटरी दिसायला लागतात. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, नोटीस १४ दिवस आधी द्यायची असते, आणि जे सभासद फ्लॅट भाड्याने देऊन दुसऱ्या गावी राहतात त्यांना ती टपालाने पाठवावी लागते. नोटीस ए-फोरवर सुरेख निघते. मग ट्रेमध्ये पाकिटांचा गठ्ठा ठेवला जातो आणि तमाशा सुरू होतो. नावातलं एक अक्षर फिकट, पिनकोडवरून आडवी पांढरी रेघ, कोपरा चुरगळलेला, आणि अंगठा फिरवला की अर्धा पत्ता अंगठ्यावर.

"टोनर संपला वाटतं. नवीन टाकायचा का?" हा प्रश्न ठरलेला. माझं उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलं: नका टाकू. ज्या प्रिंटरने पाच मिनिटांपूर्वी नोटीस काळीभोर छापली, त्याचा टोनर पाकीट बघून संपत नाही.

संस्थेचं, ट्रस्टचं किंवा घरच्या कार्याचं काम अंगावर पडलंय आणि पाकिटं पहिल्यांदाच छापताय, अशांसाठी हे लिहितोय. साधा काळ्या छपाईचा लेझर प्रिंटर डोळ्यांसमोर ठेवलाय. इंकजेटची दुखणी वेगळी, त्यांना यातलं फारसं लागू पडत नाही.

आधी आरोपी कोण ते ठरवा

एक कोरा ए-फोर कागद घ्या आणि त्याच फाइलमधला तोच पत्ता त्यावर छापा. कागदावर अक्षरं स्वच्छ आली तर टोनर, ड्रम (ज्यावर अक्षर आधी उमटतं तो रूळ) आणि फ्यूजर (टोनर तापवून कागदावर बसवणारा भाग) तिघेही सुटले. दोष पाकिटात, ते आत घालण्याच्या पद्धतीत किंवा सेटिंगमध्ये आहे. कागदावरही तेच डाग, तीच फिकट पट्टी असेल तर मात्र यंत्राकडे बघावं लागेल. त्याबद्दल शेवटी सांगतो.

कागदाच्या चाचणीत प्रिंटर पास झाला की दुसरी चाचणी. एक पाकीट बळी द्या. कात्रीने त्याच्या कडा कापा, डिंकाचा भाग काढून टाका आणि फक्त समोरचा, पत्त्याचा पदर सुटा करा. हा एकपदरी तुकडा एकेक कागद घालायच्या फटीतून आत सोडा आणि त्यावर छापा. छपाई चांगली आली तर पाकिटाचा कागद बरा आहे, गडबड जोडांची आणि जाडीची आहे. सुट्या तुकड्यावरूनही टोनरची पावडर निघत असेल तर त्या कागदाचा पृष्ठभागच टोनरला धरत नाही. मग सेटिंगशी कितीही झटापट केली तरी थोडाच फरक पडेल. ही चाचणी दोन मिनिटांची आहे, आणि पुढचे दोन तास वाचवते.

पाकिटाच्या पोटात काय असतं

लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते. टोनर ही प्लास्टिकची बारीक पावडर. लेझरने ड्रमवर अक्षराचा आकार विद्युतभाराने उमटतो, पावडर त्याला चिकटते, आणि खालचा ट्रान्स्फर रोलर उलटा भार देऊन ती कागदावर ओढून घेतो. इथपर्यंत अक्षर कागदावर नुसतं बसलेलं असतं, फुंकर मारली तर उडेल असं. मग कागद फ्यूजरमधून जातो. तिथे साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपासची उष्णता आणि रोलरचा दाब, दोन्ही मिळून पावडर वितळवतात आणि कागदाच्या तंतूंत दाबून बसवतात.

हे सगळं एका सपाट, सारख्या जाडीच्या कागदासाठी बेतलेलं असतं. आता पाकिटाकडे बघा. कागद ९० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ९० ग्रॅम वजनाचा) असेल तर दोन पदरांचे १८० झाले. मागे जोड आहे तिथे तीन पदर, म्हणजे २७०. बंद फ्लॅप आणि जोड एकमेकांवर येतात तिथे चार पदर, ३६०. एकाच पाकिटात इतके चढउतार, आणि वर आत हवा कोंडलेली.

एक पाकीट ट्यूबलाइटसमोर धरा. जोड गडद पट्ट्यांसारखे दिसतात. या पट्टीची जी कड आहे ती खरं तर एक बारीक पायरी आहे. रोलर पायरीवर चढला की तिच्या लगतच्या भागात कागद ड्रमला नीट टेकत नाही, आणि जिथे टेकत नाही तिथे पावडर उतरत नाही. पिनकोडवरची पांढरी रेघ ती हीच. खात्री करायची असेल तर छापलेलं खराब पाकीट तसंच उजेडासमोर धरा. रेघ आणि जोडाची कड एकावर एक आलेली दिसतील. मी नवख्या गिऱ्हाइकाला हे हातात देऊन दाखवतो. एकदा बघितलं की "प्रिंटर बिघडलाय" हे वाक्य परत ऐकू येत नाही.

जोडांचे मुख्य प्रकार दोन. तिरप्या जोडात कोपऱ्यांकडून मधे येणाऱ्या रेषा मागच्या बाजूने पाकिटाच्या मध्यावर जमतात, म्हणजे नेमक्या पत्त्याच्या पाठीशी. बाजूच्या जोडात दोन उभ्या पट्ट्या दोन टोकांना असतात, मधला भाग मोकळा राहतो. पत्त्यासाठी दुसरा प्रकार बरा, पण तो सुरकुत्या पडण्यात पुढे. घेताना जोड थेट कोपऱ्यापर्यंत गेलाय का ते बघा. कोपऱ्याच्या आधीच थांबला असेल तर तो मोकळा कोपरा फ्यूजरमध्ये दुमडणार हे धरून चाला.

पाकीट निवडताना

साधा, गुळगुळीत पण चकचकीत नसलेला, ८० ते ९० जीएसएमचा पांढरा किंवा फिकट कागद. फ्लॅपला ओला करून चिकटवायचा साधा डिंक. घड्या धारदार, पुढची कड सपाट. एवढं असलं की अर्धं काम झालं.

काही पाकिटं मात्र लेझर प्रिंटरमध्ये घालूच नका. पारदर्शक खिडकीची, कारण ते प्लास्टिक लेझरसाठी बनवलेलं नसेल तर वितळून फ्यूजरच्या टेफ्लॉनला गुंडाळतं. सोलून चिकटवायच्या पट्टीची. धातूची क्लिप, बटण किंवा दोरी असलेली. आतून कापड, फॉइल किंवा फुग्यांचं प्लास्टिक लावलेली. यातलं एखादं फ्यूजरला भारी पडलं तर दुरुस्तीचा खर्च सगळ्या पाकिटांच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

चमकदार पाकिटांचा किस्सा माझाच आहे. सुरुवातीच्या काळात एका लग्नासाठी सोनेरी झाक असलेल्या मेटॅलिक कागदाच्या पाकिटांवर नावं छापली. दिसायला देखणी झाली. यजमानांनी पिशवीत भरून नेली आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन परत आले. स्कूटरवरून नेताना पाकिटं एकमेकांवर घासून "श्री." तेवढं राहिलं होतं, पुढची नावं गायब. त्या कागदावरचा लेप टोनरला आत शिरूच देत नाही, पावडर वर बसून राहते. तेव्हापासून मेटॅलिक, पर्ल, लॅमिनेटेड किंवा खरखरीत हातकागदाचं पाकीट आलं की मी सरळ सांगतो: लेझरसाठी मिळणाऱ्या ए-फोर लेबलशीटवर नावं छापू आणि चिकटवू. नाही तर चांगल्या अक्षराचा भाचा शोधा.

गठ्ठा घेण्याआधी दुकानदाराकडून चार-पाच पाकिटं नमुन्याला मागून घ्या. ओळखीचा असेल तर तशीच देतो.

आत घालण्याची रीत

पाकिटांचा गठ्ठा वेष्टणातून काढून थेट ट्रेमध्ये टाकणं ही सगळ्यात महागाची घाई. आधी पाकिटं टेबलावर पसरा. एकेक हाताने दाबून आतली हवा काढा. मग स्टीलच्या पट्टीची सपाट बाजू चारही कडांवरून, विशेषतः जी कड आधी आत जाणार तिच्यावरून, दोनदा दाबून फिरवा. दुमडलेला कोपरा असलेलं पाकीट बाजूला काढा, ते हाताने पत्ता लिहायला वापरता येईल. पुढची कड जितकी पातळ आणि धारदार, तितका फ्यूजर ते पाकीट निमूट गिळतो.

गठ्ठा लावण्याऐवजी मॅन्युअल फीडची फट वापरा. आपल्याकडे ऑफिसांत आणि सायबर कॅफेंत पिढ्यानपिढ्या चाललेल्या एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० मध्ये मुख्य ट्रेच्या वरच एक कागद घालायची ही फट असते. एकेक पाकीट घालणं कंटाळवाणं आहे हे मान्य. पण ४० पाकिटांपैकी १२ वाया घालवून पुन्हा स्टेशनरीच्या दुकानात जाणं त्याहून कंटाळवाणं. दोन्ही बाजूंचे सरकते मार्गदर्शक (गाइड) पाकिटाला अलगद टेकवा. सैल राहिले तर पत्ता तिरका येतो, फार आवळले तर पाकीट मधे फुगतं.

कोणती बाजू वर, फ्लॅप कुणीकडे? बहुतेक लहान प्रिंटरांत अरुंद बाजू पुढे, छापायची बाजू वर, फ्लॅप डावीकडे आणि बंद. पण हे यंत्रागणिक बदलतं, त्यामुळे ट्रेवरचं चित्र बघा. चित्र पुसलं असेल तर एक साधा कागद पाकिटाच्या आकाराचा कापा, त्यावर पेन्सिलीने "वर" लिहून बाण काढा आणि छापून बघा. पत्ता उलटा आला तर ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रिंटरच्या सेटिंगमध्ये, १८० अंश फिरवण्याची खूण करा. पाकीट उलटं घालून काम भागवायला जाऊ नका, फ्लॅपची जाड कड भलत्या बाजूला येते.

आता प्रिंटरची मागची बाजू बघा. काही यंत्रांना मागे दार असतं. ते उघडलं की पाकीट वळण न घेता सरळ मागून बाहेर पडतं. वळण टळलं की सुरकुत्या आणि गुंडाळी दोन्ही कमी होतात. काही ब्रदर आणि एचपी प्रिंटरांत त्याच दाराआड फ्यूजरच्या दोन टोकांना छोट्या खिट्ट्या असतात, बऱ्याचदा हिरव्या. त्या पाकिटाच्या जागेवर आणल्या की रोलरचा दाब कमी होतो. सुरकुत्यांवर याच्याइतकं गुणकारी औषध मी पाहिलेलं नाही. काम झालं की त्या परत जागेवर आणायला मात्र विसरू नका. मी एकदा विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीच्या ८० पानी प्रकल्प अहवालातली अक्षरं बोटाला लागायला लागली, आणि तासभर मी फ्यूजर गेला म्हणून कपाळाला हात लावून बसलो होतो.

सेटिंग: माप आणि प्रकार

इथे भारतात एक खास घोळ होतो. प्रिंटरच्या यादीत पाकिटांची मापं परदेशी असतात. डीएल म्हणजे ११० बाय २२० मिमी, सी-फाइव्ह म्हणजे १६२ बाय २२९, कॉम-१० म्हणजे साधारण १०५ बाय २४१. आणि आपल्या स्टेशनरीवाल्याकडे मिळतं ते नऊ बाय चार किंवा दहा बाय साडेचार, इंचांत. नऊ बाय चार म्हणजे १०१.६ बाय २२८.६ मिमी. हे डीएलही नाही आणि कॉम-१०ही नाही. "जवळपासचं" म्हणून डीएल निवडलं की पत्ता काही मिलिमीटर सरकतो आणि कधी थेट जोडाच्या कडेवर जाऊन बसतो.

म्हणून पट्टीने पाकीट मोजा आणि प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये कस्टम माप तयार करून त्याला "नऊ बाय चार" असं नाव देऊन ठेवा. वर्ड वापरत असाल तर मेलिंग्जच्या टॅबमध्ये एन्व्हलप्सचं बटण आहे, तिथेही तेच माप टाका. वर्डमध्ये एक आणि ड्रायव्हरमध्ये दुसरं असं ठेवलंत तर दोघांच्या भांडणात पाकीट मरतं.

माप चुकण्याचा एक छुपा तोटा आहे. पान ए-फोर ठेवलं आणि मजकूर पाकिटाच्या बाहेर गेला, तर ती पावडर पडायला खाली कागदच नसतो. ती ट्रान्स्फर रोलरवर पडते, आणि पुढच्या पाच-सहा पाकिटांच्या पाठी काळ्या करते. पाठीवर डाग दिसले की आधी माप तपासा, मग कोरे ए-फोर कागद पाच-सहा वेळा आतून फिरवा. रोलर पुसायला बोट घालू नका. तो स्पंजासारखा असतो, हाताचं तेल लागलं की तिथे कायमची फिकट जागा पडते.

दुसरं सेटिंग कागदाच्या प्रकाराचं. प्लेनऐवजी एन्व्हलप निवडा. ते नसेल तर हेवी किंवा थिक. प्रिंटर यामुळे हळू चालतो आणि फ्यूजर जास्त तापवतो, म्हणजे दोन-तीन पदरांना पुरेशी उष्णता मिळते. पाकिटावरून पावडर सुटण्याच्या तक्रारी बऱ्याचदा एवढ्यावर संपतात. टोनर वाचवण्याचा इकॉनॉमी मोड बंद करा.

मजकूर शंभर टक्के काळा ठेवा. सोबर दिसतं म्हणून कुणी गडद राखाडी घेतात. काळ्या प्रिंटरला राखाडी रंग माहीत नसतो, तो ठिपके टाकून तसा भास करतो, आणि बारीक अक्षरांच्या कडा दातेरी होतात. देवनागरीत तर रफार, अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या आधी जातात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा सारख्या जाडीचा फॉन्ट, मीडियम वजन, १४ पॉइंट. बारीक-जाड फटकाऱ्यांचे सुलेखनी फॉन्ट पत्रिकेच्या आत शोभतात. पाकिटावर पोस्टमनला वाचायचंय.

पत्ता सगळ्या कडांपासून किमान १५ मिमी आत ठेवा आणि जोड जिथे एकमेकांना भेटतात ती जागा टाळा. नमुन्याचं पाकीट उजेडासमोर धरून जोडांच्या रेषा समोरच्या बाजूवर पेन्सिलीने काढल्या की मोकळा चौकोन दिसतोच. पत्त्याची पेटी त्यात बसवा. पिनकोडला सगळ्यात सुरक्षित जागा द्या. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही सहा अंकी पद्धत टपाल खात्यात श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी अधिकाऱ्याने आणली, जे संस्कृत कवीही होते. पहिला ४ आपल्या विभागाचा, शेवटचे तीन अंक थेट वाटप करणाऱ्या पोस्टाचे. त्यातला एखादा अंक पांढऱ्या रेघेमुळे चुकीचा वाचला गेला की नोटीस दुसऱ्याच पोस्टात.

लक्षण बघून उपाय

अक्षर बोटाला लागतं. छापल्यावर एक मिनिट थांबा, पाकीट गार होऊ द्या, मग अंगठा फिरवा. गरम असताना कुठलंही थोडं पुसटतं. गार झाल्यावरही निघत असेल तर क्रमाने: प्रकार एन्व्हलप केला का, खिट्ट्या दाब फारच कमी करताहेत का, पाकीट दमट आहे का, कागदावर लेप आहे का. खिट्ट्यांमुळे सुरकुत्या गेल्या पण पावडर सुटायला लागली, असंही होतं. अशा वेळी खिट्ट्या मूळ जागेवर ठेवून मागचं दार तेवढं उघडा. दोन्ही साधत नसेल तर पाकीट बदला.

फिकट रेघ किंवा पट्टा. सगळ्या पाकिटांवर एकाच जागी असेल तर जोड. पत्ता वर-खाली दहा मिमी सरकवून एक छापा. रेघ जागच्या जागी राहिली आणि अक्षरं तिच्यातून सुटली, तर निदान पक्कं. सेटिंगमध्ये छपाईची घनता (डेन्सिटी) वाढवून ही रेघ जात नाही, उगाच पावडर जास्त जाते.

सुरकुत्या. मागच्या कडेच्या कोपऱ्यात पंख्यासारख्या येत असतील तर आत कोंडलेली हवा निसटायला जागा शोधतेय. हवा काढा, पट्टी फिरवा, दार उघडा, खिट्ट्या वापरा. पुढच्याच कडेला येत असतील तर ती कड वाकडी होती किंवा पाकीट तिरकं आत गेलं.

पाकीट आपोआप चिकटून बाहेर येतं. डिंक आणि ओलावा, त्यात फ्यूजरची ऊब. बाहेर आलेली पाकिटं लगेच एकावर एक रचू नका, खेळायच्या पत्त्यांसारखी पसरून गार होऊ द्या. तरी चिकटत असतील तर तो डिंक लेझरच्या उष्णतेचा नाही.

ठरावीक अंतराने तोच डाग. पट्टीने अंतर मोजा, पण लांब ए-फोरवर छापून मोजा, पाकिटावर दोन-तीनच डाग मावतात. गोल फिरणाऱ्या भागावर ओरखडा असला की तो दर फेऱ्याला उमटतो. लहान प्रिंटरांतला ड्रम २४ मिमी व्यासाचा असेल तर घेर सुमारे ७५ मिमी, म्हणजे दर साडेसात सेंटिमीटरला डाग. ड्रम कार्ट्रिजमध्येच असेल तर दुसरं कार्ट्रिज लावून बघा. डाग गेला नाही तर फ्यूजरकडे बोट दाखवा.

पत्ता तिरका. मार्गदर्शक सैल, नाही तर कागद आत ओढणारा पिकअप रोलर झिजून गुळगुळीत झालाय. किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने तो पुसला की काही महिने ढकलता येतं.

दहा-बारा पाकिटांनंतर प्रिंटर मंद होतो. हा बिघाड नाही. अरुंद पाकीट फ्यूजरच्या काही भागातलीच उष्णता शोषतं, बाकीचा भाग तापत जातो, म्हणून यंत्र स्वतःच दम घेतं. घेऊ द्या.

पावसाळा

ऑगस्टच्या नोटिशींचं खरं दुखणं हेच. कोकणात आणि मुंबईत या दिवसांत कागद हवेतलं पाणी शोषून लोळागोळा होतो. ओल्या कागदावर विद्युतभार टिकत नाही, तो झिरपून जातो, त्यामुळे पावडर अर्धवट उतरते आणि काळ्या भागात ढगासारखे पांढुरके पट्टे दिसतात. तोच ओलावा फ्यूजरमध्ये वाफ होतो आणि दोन पदरांमध्ये अडकून सुरकुत्या पाडतो. आणि डिंक तर आधीच वाट बघत असतो. एकाच कारणाची तीन लक्षणं, म्हणून माणूस गोंधळतो.

ओळखायची खूण सोपी. पाकिटाचा कागद कानाशी धरून टिचकी मारा. कोरडा कागद टणक वाजतो, दमट मुका असतो.

पाकिटं छापायच्या दिवसापर्यंत मूळ प्लास्टिकच्या वेष्टणातच राहू द्या. उघडी पडली असतील तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर एक-दोन रात्री ठेवा, उभी नाही, आडवी. नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या पुड्या टाकून देऊ नका, इथे कामाला येतात. छापायच्या काही तास आधी पाकिटं प्रिंटरच्याच खोलीत आणा, म्हणजे हवामान जुळतं. ट्रेमध्ये रात्रभर ठेवून जाऊ नका. आणि इस्त्री नको. एका सेक्रेटरी काकांनी हौसेने सगळी पाकिटं इस्त्री करून आणली होती. कडक झाली होती खरी, फक्त अर्ध्या अधिक पाकिटांचे फ्लॅप कायमचे मिटले होते.

कागदावरही खराब येत असेल तर

कार्ट्रिज बाहेर काढून आडवं धरा आणि डावी-उजवीकडे पाच-सहा वेळा हलकेच हलवा. फिकटपणा एका उभ्या पट्टीत असेल आणि हलवल्यावर गेला, तर पावडर संपत आली आहे. कार्ट्रिज उजेडात उघडं ठेवू नका, ड्रमला प्रकाश सोसत नाही, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा. संपूर्ण पानावर करडी झाक येत असेल तर रिफिल केलेल्या कार्ट्रिजवर माझा पहिला संशय असतो: ड्रमवर उरलेली पावडर खरवडणारं वायपर ब्लेड झिजलेलं किंवा टाकाऊ पावडरचा कप्पा न रिकामा करताच पुन्हा भरलेलं. रिफिलवाल्याला हे दोन शब्द सांगा, तो काय ते समजतो.

फ्यूजरकडे हात न्यायचा असेल तर प्रिंटर बंद करून, प्लग काढून किमान अर्धा तास थांबा. पावडर सांडली तर कोरड्या कापडाने टिपा, हात आणि कपडे गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने धुतलं की फ्यूजरचं काम तुम्ही शर्टावर करता. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, ही पावडर त्याच्या फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर उडते.

गठ्ठा छापायला बसताना

आधी तीन पाकिटं. पहिलं जागा बघायला, दुसरं अंगठ्याने घासायला, तिसरं आत खरी नोटीस घालून बंद करून बघायला, कारण घडी घातलेली नोटीस भरल्यावर काही पाकिटं पत्त्याच्या जागी ताणली जातात आणि कच्चं बसलेलं अक्षर तडकतं. तिन्ही पास झाली की दहा-दहाच्या तुकड्यांत छापा. मेल मर्जमध्ये (यादीतली नावं-पत्ते एकेका पाकिटावर आपोआप घालणारी वर्डची सोय) १ ते १०, ११ ते २० अशी पानं निवडता येतात. दर तुकडीनंतर यादीवर खूण करा. मधेच एखादं अडकलं तर कुणाचं पाकीट गेलं ते शोधत बसावं लागत नाही. ४० सभासद असतील तर ४५ पाकिटं आणा.

शेवटचं पाकीट निघालं की खिट्ट्या जागेवर, मागचं दार बंद, कागदाचा प्रकार पुन्हा प्लेन. आणि उरलेली पाकिटं वेष्टणात घालून, तोंडाला रबर लावून, त्याच स्टीलच्या डब्यात.